बावीस इंची

फोटो आला तेव्हा आम्ही इंदूरजवळच्या राऊ सर्कलला उभ्याउभ्याच पोहे खात होतो. सप्टेंबरचा शेवटचा रविवार. पहाटे पाचला सायकलींवर निघून जानापावचा डोंगर करून परतलेले सात जण. पिंढऱ्यांपर्यंत चिखल, पाठीवर वाळलेल्या घामाची पांढरी रेघ, हातात कागदाची प्लेट आणि पोह्यांवर शेव-जिरावन. आमच्यातल्या एकानं वर मंदिराच्या अलीकडच्या वळणावर थांबून सगळ्यांचे फोटो काढले होते, ते त्यानं तिथंच ग्रुपवर टाकले. जो तो आपापला शोधायला लागला. मला माझा सापडला आणि मी घास तोंडात तसाच ठेवून बघत राहिलो. फोटो खरंच चांगला होता. मागे हिरवागार डोंगर, खाली धुक्यात बुडालेलं माळव्याचं पठार, ओला काळा रस्ता. आणि मधे मी. दोन्ही गुडघे बाहेर फाकलेले, पाठीची कमान झालेली, मान खांद्यांत ओढलेली, कोपरं जवळजवळ मांड्यांना टेकलेली. खालची सायकल कुणा लहान मुलाची तेवढ्यापुरती मागून आणल्यासारखी. शेजारचा माझ्या फोनमध्ये डोकावून म्हणाला, "मस्त आलाय रे." मी हो म्हटलं आणि फोन खिशात घातला. पोहे संपवले, चहाही घेतला, पण घरापर्यंतच्या रस्त्यात तो फोटो डोळ्यांसमोरून हलेना.

ते बसणं माझं नव्हतं. अण्णांचं होतं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला अण्णा राजेंद्रनगरच्या आमच्या गल्लीत वळायचे, ते मला आजही तसेच्या तसे दिसतात. सहा फूट दोन इंच उंचीचा माणूस, काळी, बावीस इंची फ्रेमची सायकल, कॅरिअरला डब्याची पिशवी, आणि प्रत्येक पॅडलला एकेक गुडघा बाहेर जाऊन परत आत येणारा. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात ते हिशेब लिहायचे. म्हणजे गावाच्या या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत, रोज, उन्हाळा-पावसाळा. आले की गेटच्या आत सायकल भिंतीला टेकवायचे. स्टँड होतं, पण ते ढिलं झालेलं. हँडलची मूठ रोज एकाच जागी टेकून तिथल्या प्लास्टरला आडवी खाच पडली होती, बोटभर लांबीची, आतून काळी. दर दिवाळीला भिंत रंगवली की खाच महिनाभर पिवळी दिसायची, मग पुन्हा काळी. लहानपणी मी त्या खाचेत बोट घालून बघायचो. आत रबराचा बारीक भुगा असायचा आणि त्याला ग्रीसचा आणि घामाचा मिळून एक वास. ती सायकल जाऊनही आता पंधरा वर्षं झाली, बागेत कामाला येणाऱ्या माळीबाबांना दिली. खाच अजून आहे. रंगाचे कितीही थर चढले तरी ती बुजत नाही.

त्याच सायकलवर मी कैंची शिकलो. दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, डावा हात हँडलला, उजवा हात सीटला आणि शरीर सगळं एका अंगाला. त्याआधी त्याच सायकलवर आत्या शिकली होती, काका तिच्यावरून कॉलेजला गेले होते. घरात सायकल एकच होती आणि ती सगळ्यांची होती. पुढे मी अण्णांपेक्षाही इंचभर उंच झालो, सहा तीन. नातेवाइकांत "अण्णांचा मुलगा ना, अण्णांसारखाच" एवढीच माझी ओळख. दारातून वाकून जाणं, बसमध्ये गुडघे आडवे करून बसणं, लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभं राहणं, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात आपलं काही दुखतंय हे मनात येत नाही. फोटो बघेपर्यंत माझ्याही मनात आलं नव्हतं.

ती पहिली डोंगरी सायकल मी चार वर्षांपूर्वी घेतली. शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो, तिथं रांगेनं उभ्या असलेल्या चकचकीत सायकली, सगळ्या मीडिअम किंवा फार तर लार्ज. एक्स्ट्रा लार्ज विचारलं तर मुलगा म्हणाला, "भिया, वो मँगाना पड़ेगा, महीना-दो महीना। इसी में सीट ऊँची कर देंगे, सब सेट हो जाएगा।" त्यानं सीटखालची क्विक रिलीजची खिट्टी उघडून सीट वर खेचली, मी बसलो, पाय टेकले, ठीक वाटलं. दुकानाच्या फरशीवर कुठलीही सायकल ठीकच वाटते. त्या मुलाला मी दोष देत नाही. दुकानात जे उभं आहे तेच तो विकणार, आणि या गावात सहा तीनचं गिऱ्हाईक रोज येत नाही. पण "सीट ऊँची कर देंगे" या चार शब्दांत केवढी चूक भरलेली आहे हे मला नीट समजायला चार वर्षं आणि एक मोडलेली सायकल लागली.

सीट वर केल्यानं पायाला जागा मिळते. हातांना मिळत नाही, पाठीला मिळत नाही, छातीला मिळत नाही. उंच माणूस नुसता वर वाढलेला नसतो. त्याचे हात लांब असतात, धड लांब असतं. त्याला सायकल लांब लागते, पुढे-मागे, आणि ती लांबी कुठल्याही बोल्टनं वाढत नाही. शिवाय सीटची नळी सरळ उभी नसते, मागे कललेली असते. त्यामुळे सीट दहा सेंटीमीटर वर काढली की ती तीनेक सेंटीमीटर मागेही जाते. माणूस मागच्या चाकाच्या अधिकाधिक वर जाऊन बसतो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. जानापावच्या शेवटच्या चढाला जाणवतं: पॅडलला जोर दिला की पुढचं चाक जमिनीवरून हलकं होतं, डावी-उजवीकडे भरकटतं, कधी चक्क उचललं जातं. मग तुम्ही छाती हँडलवर आडवी घालता, कोपरं वाकवता, नाक स्टेमपर्यंत, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या आखूड तुकड्यापर्यंत, नेता आणि कसेबसे चढता. फोटोतली माझी कमान तिथली होती. त्यात अनेक कंपन्या लहान-मोठ्या सगळ्या मापांना मागच्या चाकापर्यंतची दांडी एकाच लांबीची ठेवतात, साधारण ४३ ते ४४ सेंटीमीटर. पाच फूट चारच्या माणसाला ती बरोबर बसते, सहा तीनचा माणूस तिच्यावर मागे लोंबकळतो. चार वर्षं मी समजत होतो की चढाला माझा दम कमी पडतो.

फोटोनंतर पंधरा दिवसांनी ती सायकल मोडली. म्हणजे धाडकन मोडली नाही. चोरलच्या बाजूनं आलो होतो, खंडवा रोड सोडून आत शेतांच्या कडेनं. परतीच्या पावसाची एक सर येऊन गेली होती. माळव्यातली काळी माती ओली झाली की ती रस्ता राहत नाही, ती चाकावर चढते. आधी टायर गुळगुळीत होतो, मग जाड होतो, मग फोर्कच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या, कमानीत आणि मागच्या दांड्यांत चिखलाची पाचर बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. काटकीनं उकरून काढायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा तेच. घरी येऊन पाइप लावून धुतली, फडक्यानं पुसत होतो, आणि सीटच्या नळीवर, वरची दांडी जिथं येऊन मिळते त्याच्या जरा वर, एक केस चिकटलेला दिसला. बोटानं काढायला गेलो तर निघेना. नखानं घासलं. नख अडकलं. तो केस नव्हता, चीर होती.

सीटपोस्टवर, म्हणजे नळीत सरकणाऱ्या सीटच्या दांड्यावर, एक रेघ कोरलेली असते: निदान इतकी तरी आत असू द्या. माझी ती रेघ अडीच सेंटीमीटर बाहेर होती, चार वर्षं. मला ती दिसत नव्हती असं नाही. पण तेवढं वर केल्याशिवाय गुडघे सोसेनात आणि तेवढं वर करूनही पुरत नव्हतं. आत राहिलेला तुकडा वरच्या दांडीच्या जोडापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. त्या आखूड तुकड्यावर चौऱ्याण्णव किलोचा माणूस, आणि खाली कालाकुंडच्या वाटेवरचे दगड. पहारीनं दगड उचकटावा तशी ती नळी रोज थोडी थोडी उचकटली जात होती. उस्तादांकडे नेली. रामबागेजवळ त्यांचं दुकान, अण्णांच्या सायकलची ओव्हरहॉलिंगही त्यांचे वडील करायचे. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला, सीट काढून नळीत टॉर्च मारली आणि म्हणाले, "अल्युमिनियम है साहब, झलाई का भरोसा नहीं। इस पे अब मत बैठिए।" मग माझ्याकडे खालून वर बघत म्हणाले, "पहले चौबीस का फ्रेम आता था, लंबे लोगों के लिए। बाईस, चौबीस, दोनों। आपके पिताजी बाईस चलाते थे, हमारे अब्बा कहते थे इनको चौबीस चाहिए।"

हे मला माहीत नव्हतं. घरी कुणी कधी बोललंच नव्हतं.

त्या रात्री मी आणि माझ्या धाकट्या मुलानं व्हरांड्यात मोडकी सायकल मोजायला घेतली. तो बारा वर्षांचा, त्याच्या हातात टॉर्च. समोरच्या घराचं बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. हँडलची मान जिथं असते त्या नळीच्या वरच्या टोकाच्या मध्यातून ओळंबा सोडायचा, तो डोलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून बसायचं, आणि पॅडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्या आसापासून दोरीपर्यंतचं आडवं अंतर मोजायचं. याला रीच म्हणतात. उभं अंतर तो स्टॅक. माणूस पॅडलवर उभा राहिला की त्याला पुढे किती जागा आहे ते रीच सांगतो. सीट कितीही वरखाली करा, त्याच्यात एका मिलिमीटरचाही फरक पडत नाही. माझ्या सायकलचा निघाला ४३ सेंटीमीटर. नंतर धाकट्यानं माझं माप घेतलं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांमध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घट्ट वर सरकवायचं आणि त्याच्या वरच्या कडेशी पेन्सिलची खूण करायची. ९२ सेंटीमीटर. त्याला ०.८८३ नं गुणलं की पॅडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत किती हवं ते साधारण कळतं: ८१. माझी सीट, ती रेघ ओलांडूनसुद्धा, ७८ वर होती. तीन सेंटीमीटर म्हणजे दोन बोटं. ती दोन बोटं जातात कुठे, तर गुडघ्यात. सीट खाली असली की पॅडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो, वाटीवर ताण येतो आणि तो चुकवायला माणूस नकळत गुडघा बाहेर काढतो. अण्णांची सीट तर आणखी कितीतरी खाली. आज ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबतात आणि कठड्याला धरून उजवा गुडघा एकदा झटकतात. वहीत आकडे लिहिता लिहिता मला वरून त्यांच्या चपलांचा आवाज येत होता.

पुढचा महिनाभर मी दुसरं काही वाचलं नाही. प्रत्येक सायकलच्या मापांचा तक्ता काढायचा आणि वहीत उतरवायचा. माझे रस्ते सगळे मिसळीचे आहेत, हे त्यातलं मोठं कोडं होतं. घरापासून निघालं की आधी डांबरी रस्ता, रालामंडलच्या कडेनं किंवा सिमरोलकडे. मग मुरमाची गाडीवाट, जिथं चाक सरकतं पण फसत नाही. मग तिंछाकडे किंवा चोरलच्या उतारावर बसाल्टचे सुटे गोटे, नारळाएवढे. आणि दिवाळीनंतर शेताच्या बांधांवर सराटे आणि बाभळीचे काटे, ट्यूबच्या टायरला दर दोन-तीन फेऱ्यांना पंक्चर ठरलेलं. नुसता उतार करायचा असता तर मागेही स्प्रिंग असलेली सायकल घेतली असती. नुसता डांबरी रस्ता असता तर स्प्रिंगच नको होती. मी ठरवलं, स्प्रिंग पुढेच हवी, पण हवेच्या दाबावर चालणारी, १२० मिलिमीटर दबणारी. स्वस्त फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंग असते, ती कारखान्यात कुणा साठ-सत्तर किलोच्या माणसाला धरून बसवलेली. माझ्यासारखा बसला की ती निम्मी आधीच दबते. हवेच्या फोर्कला पंप मारून आपल्या वजनाएवढं ताठ करता येतं. नळीवर एक बारीक रबरी रिंग असते, ती खाली सरकवून सायकलवर बसायचं, अलगद उतरायचं आणि रिंग किती वर गेली ते बघायचं. माझ्यासाठी ती ३० मिलिमीटरच्या आत राहायला हवी. ब्रेकच्या डिस्क १८० च्या, कारण वजनदार माणसाला थांबायला जास्त लोखंड लागतं. टायर २.४ इंची, ट्यूबलेस, आत भोक बुजवणारं दुधासारखं सीलंट, सराट्यांसाठी. आणि चाक २९ इंची.

चाकाची गोष्ट वाचताना मला फार वाईट वाटलं, आणि ते अजून पुरतं गेलेलं नाही. डोंगरी सायकल जन्मली कॅलिफोर्नियात, सत्तरच्या दशकात. तिथली पोरं दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलून आणायची आणि माऊंट टॅम नावाच्या डोंगराच्या कच्च्या वाटांवरून खाली सोडायची. १९७६ साली त्यांनी शर्यत सुरू केली, तिचं नाव रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणं. कारण उतरून येईपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि प्रत्येक वेळी ते नव्यानं भरावं लागायचं. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या जो ब्रीझनं खास डोंगरासाठी पहिल्या फ्रेम बांधल्या. त्या भंगारातल्या सायकलींची चाकं २६ इंची होती, म्हणून नव्या सायकलींची चाकंही २६ इंचीच राहिली, आणि ती पुढची पंचवीसेक वर्षं तशीच राहिली. जाड २९ इंची टायर आला १९९९ मध्ये. म्हणजे जगभरातले उंच लोक इतकी वर्षं लहान चाकांवर बसले, कारण सुरुवातीला हाताशी आलेल्या सायकली तशा होत्या. कुणी बसणाऱ्याचं माप घेऊन ते ठरवलेलंच नव्हतं. आणि आपल्याकडची काळी सायकल? तिचं २८ इंची चाक. तिच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, २९ इंचीच्या रिमचा ६२२. अण्णांच्या सायकलची रिम आजच्या मोठ्या चाकाच्या रिमपेक्षाही मोठी होती. चाक त्यांना मापाचं मिळालं होतं. फ्रेम मिळाली नव्हती.

दिवाळीत पुण्याला चुलत भावाकडे गेलो. त्याच्या ओळखीत एकाकडे एक्स्ट्रा लार्ज होती आणि एकाकडे त्याहून एक माप मोठी. दोन्ही घेऊन आम्ही वेताळ टेकडीवर गेलो. एक्स्ट्रा लार्जवर पहिल्यांदा उभा राहिलो, पॅडल आडवे, गुडघे जरासे वाकलेले, आणि हात पुढे गेले तिथं हँडल होतं. एवढंच. मला त्यासाठी कुठे वाकायला लागलं नाही. खाणीकडच्या वाटेवर वळताना गुडघा हँडलला आपटला नाही. चढाला सीटवर बसून राहिलो आणि पुढचं चाक जमिनीला चिकटून राहिलं. नव्या सायकलींच्या सीटची नळी जास्त ताठ असते, ७६ अंशांच्या आसपास, त्यामुळे माणूस मागे घसरत नाही. मग लोभानं त्याहून मोठी घेतली. ती ५१.५ रीचची. तिच्यावर मी ताणला गेलो, अर्ध्या तासात कंबर बोलायला लागली, अरुंद वळणात पुढचं चाक फार लांब कुठेतरी आहे असं वाटत राहिलं. उंच माणसानं सगळ्यांत मोठं माप उचलावं असं जे सांगतात, ते मला पटलं नाही. वहीत लिहिलं: रीच ४९ ते ५०, स्टॅक ६५, स्टेम ५० मिलिमीटर, त्याहून लांब नाही. आखूड सायकलला लांब स्टेम जोडून उंच माणसाला बसवणं ही सीट वर करण्याचीच दुसरी तऱ्हा आहे; हात पोचतात, पण अंगाचं ओझं पुढच्या चाकावर जातं आणि उतारावर हँडल जड होतं.

किंमत लाखाच्या आसपास होती. मी ती ऑर्डर करायच्या आदल्या रात्री अण्णांच्या खोलीत गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. परवानगी मागायला नव्हतो गेलो, पण न सांगता एवढे पैसे टाकणं जिवावर आलं होतं. ते रेडिओ कानाशी धरून बसले होते. मी इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "अण्णा, आपली ती काळी सायकल घेतली तेव्हा चोवीस इंची नव्हती का मिळत?"

"मिळायची की. दुकानात होती. बसूनसुद्धा पाहिली मी." त्यांनी रेडिओ बारीक केला. "मालक म्हणत होता, साहेब, तुम्हाला हीच. पण आपल्या घरात चालवणारा मी एकटा थोडाच होतो? तुझ्या काकाचे पाय पुरले नसते. आत्याला तर दांडीवरून पाय टाकताच आला नसता. एकच घ्यायची म्हटल्यावर सगळ्यांत ठेंगण्याला पुरेल अशी घ्यायची. उंच माणूस काय, दुमडून घेतो."

ते हे अगदी सहज बोलले. त्यात तक्रार नव्हती, त्याग केल्याचा सूर तर मुळीच नव्हता. रेडिओ परत कानाशी गेला. मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो आणि मग बाहेर येऊन झोपाळ्यावर बसलो. त्या एका बावीस इंचीनं आत्याला नोकरीपर्यंत नेलं, काकांना पदवीपर्यंत, मला कैंचीपासून दांडीपर्यंत आणि दांडीपासून सीटपर्यंत. मी उद्या जी घेणार होतो तिच्यावर घरातलं दुसरं कुणी बसू शकणार नव्हतं. बायकोचे पाय पॅडलपर्यंत पोचणार नाहीत. धाकट्याला निदान पाच-सहा वर्षं नाही, कदाचित कधीच नाही, तो आईवर गेलाय. जी सायकल एका शरीराला अगदी बरोबर बसते ती त्याच कारणानं बाकीच्या सगळ्यांना बाद करते. हे मला आवडलं नाही. तरी मी ऑर्डर दिली. हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझी पाठ मी दाबते रोज, मला विचार," आणि विषय संपला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खोका आला. उस्तादांनी जोडली, बोल्ट किती घट्ट झाला ते आकड्यात दाखवणारा टॉर्क रेंच त्यांच्याकडे आहे, आणि प्रत्येक बोल्ट कसताना ते आकडा स्वतःशी पुटपुटतात. पहिल्या रविवारी थंडी कडक होती, बोटं बधिर, जानापावच्या पायथ्याशी गावकरी शेकोटीला बसलेले. शेवटच्या वळणावर मी मुद्दाम थांबलो नाही, कुणाला फोटो काढू दिला नाही. मला फक्त माझे गुडघे बघायचे होते. मान खाली घालून बघितले. सरळ वर, सरळ खाली, वरच्या दांडीला लागून, दोन्ही. वर पोचल्यावर बाकीचे कुंडाकडे गेले. मी सायकलजवळच उभा राहिलो. दम लागला होता, भरपूर लागला होता, पण तो छातीत नीट मावत होता.

घरी आलो तेव्हा अण्णा गेटशीच उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. उठून आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी टायर दाबून पाहिला, साखळीवरून बोट फिरवलं, वरच्या दांडीवर तळवा ठेवून तो पुढून मागे नेला. "बसू का?" म्हणाले. हिनं आतून "अहो अण्णा, पडाल" म्हटलं, पण तोवर मी हँडल धरलं होतं. ही सीट एक कळ दाबली की खाली जाते, उतारासाठी असते ती सोय. मी ती पार खाली केली. दांडी उतरती असल्यामुळे त्यांचा पाय पलीकडे गेला. भिंतीला एक हात टेकून ते बसले, मी कळ दाबून धरली, त्यांनी पायांवर अंग किंचित उचललं, आणि सीट त्यांच्याखाली हळूहळू वर येत गेली. ते माझ्यापेक्षा इंचभर कमी, आता वयानं आणखी इंचभर. सीट थोडी खालीच ठेवली. त्यांनी उजवा पाय पॅडलवर ठेवला आणि पॅडल उलटं फिरवत खालपर्यंत नेलं. पाय जवळजवळ सरळ झाला. त्यांनी खाली बघितलं. आणखी एकदा फिरवलं. डावाही. गुडघे जागच्या जागी, बाहेर गेले नाहीत. दोन-तीन मिनिटं ते तसेच एका हातानं भिंत धरून पाय मागे फिरवत बसले होते, फ्रीव्हीलची टिकटिक चालली होती, धाकटा पायरीवर बसून बघत होता. कुणी काही बोललं नाही.

"स्टँड नाही याला?" उतरल्यावर त्यांनी विचारलं. मी म्हटलं नसतं, डोंगरात अडकतं. "मग इथं लाव," म्हणाले, आणि माझ्या हातातून घेऊन त्यांनीच ती गेटच्या आत भिंतीला टेकवली. मूठ खाचेपासून दोन बोटं वर टेकली.